कंपनी तोट्यात असताना पगार मागायचा कसा?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पुढच्या दोन आठवड्यांतच इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या आणि चेक-इन काउंटरवर उभ्या असलेल्या पोरापोरींनी दिवसरात्र प्रवाशांचा राग झेलला. वर्तमानपत्रांत या बातम्या वेगवेगळ्या पानांवर आल्या. गोव्यात, पेडण्यात किंवा वास्कोत ज्या घरातलं कुणी विमानतळावर कामाला जातं, त्या घरात मात्र त्या एकदमच पोचल्या. त्यांच्यामागून एक जुना प्रश्नही आला. कंपनीच अडचणीत आहे म्हणतात, मग पगारवाढ मागायची कोणत्या तोंडाने?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. त्याला कंपनी बुडवायची नसते, नोकरी टिकवायची असते. म्हणूनच त्याला नीट उत्तर मिळायला हवं. माझं उत्तर असं की अडचण खरी असू शकते, पण तिचा भार कोणी किती उचलायचा हे कुठल्याही नियमाने ठरत नाही, ते बोलणीत ठरतं. आणि त्या बोलणीत एकट्या माणसाला खुर्ची मिळत नाही. हे कसं, ते मुळापासून बघू.

एका विमानाभोवती किती मालक?

मोपाच्या विमानतळावर विमान उतरून जागेवर आलं की पुन्हा उडेपर्यंत साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा वेळ असतो. या वेळाला टर्नअराउंड म्हणतात. चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना चॉक लागतात, वीज पुरवणारी गाडी जोडली जाते, पोटाचं दार उघडतं आणि लोडर आत शिरतात. एअरबस ए-३२० जातीच्या विमानात सामानाच्या कप्प्याची उंची माणसाला उभं राहण्याएवढी नसते. त्यामुळे आतला लोडर गुडघ्यांवर बसून किंवा कमरेत वाकून बॅगा ओढतो. एका बॅगेचं वजन ३२ किलोपर्यंत असू शकतं. एप्रिल-मे महिन्यात आतली हवा कशी होत असेल, ते पेडण्याच्या उन्हात उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. त्याच वेळी वर केबिनमध्ये सफाई चालू असते, एका बाजूला इंधन भरलं जातं, दुसऱ्या बाजूने खाण्याच्या ट्रॉल्या चढतात आणि इंजिनियर तपासणी करून सही करतो.

बाहेरून बघणाऱ्याला ही सगळी एकाच विमान कंपनीची माणसं वाटतात. प्रत्यक्षात वैमानिक आणि केबिन क्रू कंपनीचे असतात. लोडर बहुतेक ठिकाणी ग्राउंड हँडलिंग एजन्सीचे, म्हणजे विमान जमिनीवर असताना लागणारी कामं ठेक्याने करणाऱ्या कंपनीचे, आणि कधी त्या एजन्सीने नेमलेल्या मजूर कंत्राटदाराचे. सफाईवाले आणखी कुणाचे, खाण्याच्या ट्रॉल्यांवरचे तिसऱ्याचे. विमान एक आणि मालक चार-पाच. हे डोक्यात ठेवा, कारण पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

गोव्यात यात आणखी एक गोष्ट मिसळते, विमानतळच दोन आहेत. दाबोळी नौदलाचा तळ आहे आणि तिथला प्रवासी भाग भारतीय विमानतळ प्राधिकरण सांभाळतं. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जीएमआर ही खासगी कंपनी चालवते. तिथून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं उडू लागली. एखादी विमान कंपनी दाबोळीवरून मोपाला गेली की प्रवाशाच्या दृष्टीने फक्त टॅक्सीचं भाडं बदलतं. वास्कोत राहून दाबोळीला कामाला जाणाऱ्याचं मात्र सगळं आयुष्य हलतं. पहाटे चारच्या शिफ्टला मुरगावहून पेडणे तालुक्याच्या टोकाला कसं पोचायचं?

तोटा येतो कुठून, आणि कात्री पगारालाच का लागते?

विमान कंपनीचा धंदा मुळातच नाजूक आहे. भारतात खर्चाचा सर्वांत मोठा भाग इंधनाचा, साधारण ४० टक्क्यांच्या आसपास. विमानं बहुतेक भाड्याने घेतलेली असतात आणि ते भाडं डॉलरमध्ये जातं. तिकीट मात्र रुपयांत विकलं जातं. तेल भडकलं किंवा रुपया घसरला की कंपनीने काहीही चूक केलेली नसतानाही खर्च वाढतो. महामारी आली तेव्हा २५ मार्च ते २५ मे २०२० असे दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानं उभीच होती. गोव्यापुरतं बोलायचं तर चार्टर विमानांचा हंगाम ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंतचा. २३ सप्टेंबर २०१९ रोजी, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, ब्रिटनची थॉमस कूक ही पर्यटन कंपनी कोसळली आणि तिची गोव्याला येणारी चार्टर थांबली. ही संकटं खोटी नव्हती.

आता कंपनीचा हिशोबनीस काय करतो ते बघा. त्याच्या टेबलावर बिलांची चळत आहे. तेल कंपनीचे पैसे थकले तर ती उधारी बंद करून रोख मागते, आणि रोख नसेल तर उद्या टाकी भरली जात नाही. भाडं थकलं तर मालक विमान उचलून नेतो. विमानतळाचं शुल्क थकलं की तिथूनही तगादा लागतो. शेवटी राहतो पगार. पगार हे एकच बिल असं आहे की ते थकलं तरी उद्याचं विमान उडतं, कारण कर्मचारी उद्याही कामावर येतो. त्याला ईएमआय भरायचा असतो, पुढच्या महिन्यात सगळं मिळेल अशी आशा असते आणि हातातली नोकरी सोडवत नाही. पगारांचा खर्च इंधनाच्या मानाने बराच लहान असूनही कात्री आधी तिथेच लागते, त्याचं कारण हे आहे. कामगार महाग आहे म्हणून त्याचा पगार कापला जात नाही. तो थांबू शकतो, म्हणून कापला जातो.

कामगार एकत्र येतात तेव्हा बदलते ती नेमकी हीच गोष्ट. तेल कंपनीसारखाच आता तोही विचारू शकतो की माझे पैसे कधी, किती आणि कोणत्या लेखी हमीवर.

आपल्या किनाऱ्यावरची रापण आठवा. जाळं मालकाचं आणि होडीही त्याची, पण दोर ओढायला सगळी माणसं लागतात. जाळं वाळूवर आलं की मासळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. कमी आली तर प्रत्येकाचा वाटा कमी होतो आणि कुणी कुरकुरत नाही, कारण किती आली ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि वाटणीची रीत आधीपासून ठरलेली असते. विमान कंपनीत जाळं बंद खोलीत उघडलं जातं. बाहेर फक्त निरोप येतो की यंदा मासळी कमी आहे. म्हणून संकटाच्या काळात कामगारांची पहिली मागणी वाढीची नसली तरी चालेल. ती हिशोब दाखवण्याची हवी.

ज्यांनी थांबून पाहिलं, त्यांचं काय झालं?

किंगफिशरच्या कर्मचाऱ्यांनी थांबून पाहिलं. २०१२ साली महिनोन् महिने पगार झाले नाहीत आणि प्रत्येक वेळी नवी तारीख मिळत गेली. शेवटी इंजिनियरांनी काम थांबवलं तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. २० ऑक्टोबर २०१२ रोजी कंपनीचा उड्डाण परवाना निलंबित झाला. पगारातून कापलेला आयकरही सरकारजमा झालेला नव्हता, म्हणजे हातात न आलेल्या पैशांचा ससेमिरासुद्धा कर्मचाऱ्याच्याच मागे. हे वाचताना आजही चीड येते.

जेट एअरवेजची गोष्ट दोन टोकांची आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये, जागतिक मंदीच्या ऐन भरात, कंपनीने सुमारे १,९०० जणांना काढायचं ठरवलं. गणवेश घातलेली मुलं-मुली मुंबईत रस्त्यावर आली, देशभर गहजब झाला आणि एक-दोन दिवसांत त्यांना परत घेण्यात आलं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, संघटना बांधणाऱ्या वैमानिकांना बडतर्फ केलं म्हणून शेकडो वैमानिकांनी एकदम आजारपणाची रजा टाकली. काही दिवसांत समेट झाला आणि काढलेले परत आले. पण १७ एप्रिल २०१९ रोजी तीच कंपनी बंद पडली. थकलेले पगार राहून गेले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढण्याचा आदेश दिला.

म्हणजे संघटना कंपनी वाचवू शकते का? नाही. असं वचन देणारा पुढारी भेटला तर त्याच्यापासून सावध राहा. संघटना एवढंच पाहू शकते की बुडत्या जहाजावरून उतरताना कामगाराचं गाठोडं दुसऱ्या कुणी नेऊ नये. जेटच्या कर्मचाऱ्यांनी गटागटाने, दिवाळखोरीची प्रकरणं पाहणाऱ्या न्यायाधिकरणात लढा दिला. २०२२ साली अपील न्यायाधिकरणाने त्यांचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण देण्याचा आदेश दिला, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. दिवाळखोरीच्या कायद्यातही रांग ठरलेली आहे. कामगारांचे आधीच्या २४ महिन्यांचे थकलेले पैसे तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात, तर कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे त्यांच्यामागून. आपण कुठल्या रांगेत आहोत हे कंपनी चालू असतानाच माहीत असलेलं बरं.

आणि एक गोष्ट परदेशातली, कारण ती आपल्याकडे उद्या घडू शकते. २००३ साली अमेरिकन एअरलाइन्स दिवाळखोरीच्या दारात होती. तिच्या कामगार संघटनांनी वर्षाला १.६ अब्ज डॉलरची कपात मतदानाने मान्य केली. ती मते मोजून होतात न होतात तोच उघड झालं की बड्या अधिकाऱ्यांसाठी बोनस आणि निवृत्तिवेतनाचं खास संरक्षण आधीच बाजूला काढून ठेवलेलं होतं. एवढा संताप उसळला की मुख्याधिकारी डॉन कार्टी यांना त्याच एप्रिलमध्ये पद सोडावं लागलं. त्या कामगारांनी त्याग करण्यात चूक केली असं मी म्हणणार नाही. चूक एवढीच की वरच्या मजल्यावरही तेवढीच कपात होईल ही अट आधी लेखी घेतली नव्हती.

पगाराची पावती नीट वाचा

एकजुटीच्या गोष्टी करण्याआधी हातातला कागद समजायला हवा. नेमणुकीच्या वेळी सांगतात ती रक्कम सीटीसीची, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा सगळा खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि विमा असं बरंच काही धरलेलं असतं. हातात येतं ते त्यापेक्षा कमी. केबिन क्रूच्या बाबतीत तर मिळकतीचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवरच्या भत्त्याचा असतो. फेऱ्या घटल्या की कुणीही पगारकपातीचं पत्र न काढता पगार आपोआप कापला जातो.

नव्या वेतन संहितेत एक कामाची तरतूद आहे. एकूण मोबदल्यात भत्त्यांचा हिस्सा निम्म्याहून जास्त असेल, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. समजा, एखाद्या मुलीला महिना ४०,००० रुपये मिळतात आणि त्यात मूळ वेतन १४,०००. आता ग्रॅच्युइटी मोजताना किमान २०,००० धरावे लागतील. ग्रॅच्युइटी म्हणजे वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. पाच वर्षांच्या नोकरीला पूर्वीच्या हिशोबाने सुमारे ४०,४०० रुपये झाले असते, नव्या हिशोबाने सुमारे ५७,७००. मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्यांना तर एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत झाला पाहिजे आणि नोकरी सुटली तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता व्हायला हवा, हेही वेतन संहितेत आहे.

नोकरकपातीलाही नियम आहेत. वर्षभर काम झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार द्यावा लागतो. नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई वेगळी. साधारणपणे सर्वांत शेवटी आलेला आधी जातो, आणि पुढे वर्षभरात त्याच जागा भरायच्या झाल्या तर काढलेल्यांना आधी विचारायचं असतं. मात्र व्यवहारात बोलावून सांगतात की राजीनामा लिहून द्या, अनुभवाचा दाखला चांगला देऊ. राजीनामा दिला की नोकरकपातीचे हे सगळे हक्क तिथेच संपतात. एकटा पोरगा अशा केबिनमध्ये बसला की सही करून बाहेर येतो. बाहेर दहा सहकारी उभे असले तर तो म्हणू शकतो की विचारून सांगतो.

युनियन म्हणजे संप, आणि संप म्हणजे प्रवाशांचे हाल?

ही शंका गोव्यात जास्तच येते, कारण इथली बरीच घरं या ना त्या मार्गाने पर्यटनावर चालतात. टॅक्सीवाला, शॅकवाला, खोल्या भाड्याने देणारा, सगळ्यांना वाटतं की विमानं थांबली तर आपलं काय.

आधी कायदा बघा. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. सरकारी अधिकाऱ्यापुढे समेटाची बोलणी चालू असताना आणि त्यानंतर सात दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. बेकायदा संपाला दंड आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे जेटच्या वैमानिकांनी २००९ साली वापरलेली वाट आता फार धोक्याची झाली आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी उत्साहाने 'उद्या सगळे सिक' असं टाकलं तर त्याला हे शांतपणे समजावून सांगा.

पण या कायद्याची दुसरी बाजूही आहे. समेटाची बोलणी चालू असताना मालकाला त्या वादाशी संबंधित कामगारांच्या सेवाशर्ती त्यांचं नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. युनियन बांधली म्हणून कुणाला काढणं ही कायद्याच्या भाषेत अनुचित कामगार प्रथा ठरते. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने एकदम आजारपणाची रजा घेतली तेव्हा कंपनीने सुमारे २५ जणांना बडतर्फीची पत्रं दिली होती. दिल्लीत केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांपुढे बैठक झाली, पत्रं मागे घेतली गेली आणि क्रू कामावर परतला. ती बैठक झाली कारण समोर बसायला एक नोंदणीकृत युनियन होती. विमान वाहतुकीतले वाद केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे पणजीतल्या मंत्र्याकडे निवेदन देऊन थांबू नका.

हाल होतात ते फक्त संपाने, हेही मला पटत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोत कुणीही संप केला नव्हता. वैमानिकांना आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास द्यायची आणि रात्री विमानं उतरवायची संख्या कमी करायची, असे नियम टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे होते आणि त्यासाठी वेळही मिळाला होता. तरी पुरेशी माणसं उभी राहिली नाहीत आणि वेळापत्रक कोलमडलं. शेवटी त्या कंपनीसाठी काही नियमच काही काळ शिथिल करण्यात आले. माणसं कमी ठेवून वाचवलेल्या पैशांची किंमत त्या आठवड्यात प्रवाशांनी मोजली, आणि शिव्या ज्यांनी खाल्ल्या त्यांच्या हातात रोस्टर, म्हणजे कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक, बनवण्याचा अधिकार कधीच नव्हता.

आम्ही कंत्राटी, आमचं कोण ऐकतो?

सगळ्यांत अवघड प्रश्न हा आहे आणि इथे गोड बोलून भागणार नाही. विमानतळावर आत जायला प्रवेशपास लागतो. तो मालकाच्या शिफारशीने मिळतो आणि नोकरी सुटली की परत करावा लागतो. म्हणजे काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आतसुद्धा येऊ शकत नाही, सहकाऱ्यांशी बोलणं दूरच. वारखंड, नागझर, चांदेल, कासारवर्णे इथली मुलं आणि पलीकडून बांदा-सावंतवाडीहून येणारी मुलं एकाच कामासाठी रांगेत असतात. 'तू नको तर तो आहे' हे वाक्य दोघांनाही ऐकवलं जातं. विमानतळासाठी जमिनी गेलेल्या गावांतल्या मुलाला बाहेरच्याचा राग येतो तो मी समजू शकतो. पण बांद्याच्या मुलाला कमी पैशांत राबवता येतं तोवरच तो पेडण्याच्या मुलाच्या पगाराला धोका आहे. दोघांचा दर एक झाला की तो धोका उरत नाही.

कायदा कंत्राटी कामगाराच्या पूर्ण बाजूने नाही. १९९६ साली एअर इंडियाच्या कंत्राटी सफाई कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कंत्राट पद्धत बंद केली की त्या कामगारांना मूळ मालकाने आपोआप सामावून घ्यावं. २००१ साली मोठ्या पीठाने स्टील प्राधिकरण (सेल) या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात तो निकाल फिरवला. तेव्हापासून कायम होण्याची वाट लांबची आहे. एक हक्क मात्र शाबूत आहे. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी ज्याच्यासाठी काम झालं त्या मुख्य मालकावर येते. बऱ्याच मुलांना हे माहीतच नसतं, आणि ठेकेदार पळाला की ती गप्प बसतात.

एका मालकापुरती एकजूट इथे का पुरत नाही ते मे २०२५ मध्ये दिसलं. १५ मे रोजी सरकारने सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द केली. गोव्यासह नऊ विमानतळांवर तिची माणसं काम करत होती. निर्णय देशाच्या सुरक्षेचा म्हणून झाला आणि त्यावर इथे वाद घालायचा नाही. बॅगा उचलणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर एवढंच झालं की विमानं तीच राहिली, काम तेच राहिलं, आणि एका दिवसात मालक बदलायची वेळ आली. अशा वेळी जुनी नोकरी किती वर्षांची धरायची, पगार तोच राहणार की नव्याने सुरू होणार, हे विचारायला एजन्सीच्या नावावर बांधलेली युनियन उपयोगाची नाही. विमानतळाच्या नावावर बांधलेली हवी. कायद्याने ती बांधता येते, तिच्यात लोडर, सफाईवाले, काउंटरवरच्या मुली आणि ट्रॉलीवाले सगळे सभासद होऊ शकतात.

ज्यांचे नातेवाईक पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला हीथ्रो विमानतळावर कामाला आहेत, त्यांनी तिकडे गेट गोरमेची गोष्ट ऐकली असेल. ऑगस्ट २००५ मध्ये विमानात जेवण पुरवणाऱ्या त्या कंपनीने ६०० हून जास्त कामगारांना काढलं. त्यात बहुसंख्य दक्षिण आशियाई बायका होत्या. ब्रिटिश एअरवेजचे बॅगा उचलणारे कामगार, जे त्या कंपनीच्या नोकरीत नव्हते, ते या बायकांसाठी बाहेर पडले आणि विमानं थांबली. तिथल्या कायद्यात असा पाठिंब्याचा संप बसत नव्हता. त्याची किंमत काहींनी मोजली आणि काढलेल्या सगळ्या बायका परत कामावर आल्या नाहीत. हे यश होतं असं मी सांगत नाही. पण जेवणाचे डबे भरणारीची नोकरी आणि बॅग उचलणाऱ्याची नोकरी एकाच विमानाला बांधलेली आहे, हे त्या लोडरांना आपल्याआधी कळलं होतं.

वैमानिकाला लाखो मिळतात, त्याला आमचं काय?

थोडक्यात सांगतो. थकलेल्या वैमानिकासाठी विश्रांतीचा वेगळा नियम झाला, कारण वैमानिकांच्या संघटना वर्षानुवर्षं न्यायालयात भांडत राहिल्या. लोडरच्या थकव्याची अशी वेगळी मोजदाद नाही, त्याला आठवड्याच्या ४८ तासांचा सर्वसाधारण नियम. पण बॅगा नीट लादल्या नाहीत तर विमानाचा तोल बिघडतो, आणि तो तोल वर बसलेल्या वैमानिकालाच सांभाळायचा असतो. त्याला लोडरची गरज आहे, हे त्याला सांगायला जायला हवं. तो आपणहून येईल अशी वाट पाहू नका.

पुढारी विकले जातात, ही तक्रारही खरी आहे. मुरगाव बंदराच्या गोदीत, बार्जवर, कदंब बसच्या डेपोत गोव्याने चांगले पुढारी पाहिले आणि वाईटही. त्यावर उपाय एकच, वर्गणीचा हिशोब दरवर्षी सभासदांपुढे आणि करारावर सही करण्याआधी गुप्त मतदान. पुढारी वाईट निघेल म्हणून संघटनाच नको, असं म्हणणाऱ्यांना खाणी आठवाव्यात. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रकमालक संघटित होते, मोर्चे काढत होते, आणि सरकारने त्यांच्यासाठी मदतीच्या योजना जाहीर केल्या. ज्यांची संघटनाच नव्हती त्यांचं गाऱ्हाणं मांडायला कुणी नव्हतं.

सुरुवात कुठून करायची?

कागदांपासून. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, रोस्टरचे फोटो आणि जादा कामाच्या तासांची वहीतली नोंद घरी ठेवा, कंपनीच्या ईमेलवर नको, कारण नोकरी सुटली की तो ईमेल बंद होतो. पीएफचं पासबुक ऑनलाइन उघडून पाहा, कापलेले पैसे खरंच भरले जातात का. आयकर कापत असतील तर फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर सरकारजमा झालेल्या कराचा उतारा, तपासा.

मग माणसं. युनियनच्या नोंदणीसाठी सात जणांचा अर्ज लागतो, आणि त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या १० टक्के किंवा १०० कामगारांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे सभासद. बोलणीचा एकमेव हक्क हवा तर हजेरीपटावरच्या ५१ टक्क्यांचा पाठिंबा लागतो. तेवढा कुणालाच नसेल तर २० टक्क्यांवरच्या युनियनांची मिळून बोलणी परिषद बसते. म्हणजे आपापसात पाच झेंडे उभे केले तर कदाचित एकालाही खुर्ची मिळणार नाही.

मग पत्र. संकटाच्या काळात त्यात मागण्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च दाखवा. कपात करायचीच असेल तर ती वरून सुरू करा, मुख्याधिकाऱ्याची सर्वांत जास्त आणि लोडरची शून्य. कपात कोणत्या तारखेपर्यंत ते लिहून द्या, आणि धंदा सावरला की कापलेले पैसे किती हप्त्यांत परत मिळतील तेही. कपातीच्या काळात कुणाकडून राजीनामा लिहून घेऊ नका. पत्रावर सगळ्यांच्या सह्या घ्या, एक प्रत विमान कंपनीला, एक एजन्सीला आणि एक केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या, आणि तिन्ही ठिकाणी तारखेचा शिक्का असलेली पोच मागून घ्या. पुढे समेट अधिकाऱ्यासमोर बसायची वेळ आली तर तो पहिल्यांदा तीच पोच मागेल.